डोंगर जागा होतो तेव्हा

१. डोंगराच्या पोटात काय असते?

चुलीवर भाताचे भांडे ठेवले आहे. वर झाकण आहे. खाली जाळ लागला की पाणी उकळते, वाफ कोंडते आणि झाकण थडथड वाजू लागते. कडेने फुसफुस असा आवाज येतो. आता झाकण सरकवले नाही तर भात उतू जाणार, हे घरातल्या लहान पोरालाही कळते. त्याला हे कोणी शाळेत शिकवलेले नसते. रोज बघून बघून त्याला खुणा कळलेल्या असतात.

ज्वालामुखी हे असेच एक भांडे आहे. फरक इतकाच, की हे भांडे डोंगराएवढे मोठे असते आणि त्याचे झाकण आपल्याला सरकवता येत नाही. पण झाकण वाजायला लागले की दूर होणे आपल्या हातात असते.

पृथ्वीच्या पोटात फार उष्णता आहे. खोलवर काही ठिकाणी खडक वितळतो. गुळाच्या पाकासारखा तो दाट आणि तापलेला रस असतो. त्याला शिलारस म्हणतात. या रसात वाफ आणि निरनिराळे वायू कोंडलेले असतात. शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असतो, म्हणून तो हळूहळू वर चढतो. वाट मिळाली की तो जमिनीतून बाहेर पडतो. जिथून तो बाहेर पडतो, त्या जागेला ज्वालामुखी म्हणतात. बाहेर आलेल्या रसाला लाव्हा म्हणतात.

कोणी म्हणेल, "हे सगळं खरं, पण आमच्या गावाला त्याचं काय?" तर ऐका. आपला महाराष्ट्र बराचसा याच लाव्ह्याने बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून लाव्हा वाहिला. थरावर थर चढले आणि थंड होऊन दगड झाले. सह्याद्रीच्या कड्यांना पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात, ते हेच थर. आपला काळा दगड तो हाच. घरातले जाते आणि पाटा-वरवंटा याच दगडाचे. अजिंठा-वेरूळची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. कापसाची काळी जमीन याच दगडाची झीज होऊन तयार झाली.

ती आग आता विझली आहे. आज महाराष्ट्रात जागता ज्वालामुखी नाही. भारतात असा एकच आहे. तो अंदमानच्या समुद्रात, बॅरन नावाच्या बेटावर आहे. फार वर्षे गप्प राहिल्यावर १९९१ साली तो पुन्हा जागा झाला. पण त्या बेटावर माणसांची वस्ती नाही.

इतर देशांत मात्र ज्वालामुखीच्या कुशीत मोठमोठी गावे आहेत. तिथली जमीन कसदार असते, पीक चांगले येते, म्हणून माणसे तिथे राहतात. त्या गावांतल्या दोन गोष्टी या पाठात सांगितल्या आहेत. एका गावात इशारा असून उपयोग झाला नाही. दुसऱ्या ठिकाणी इशाऱ्याने हजारो जीव वाचले.

२. खरा धोका कशाचा?

पुष्कळांना वाटते, की ज्वालामुखीत माणसे लाव्ह्याने जळून मरतात. पण लाव्हा बहुधा सावकाश सरकतो. तो घर, शेत, झाड सगळे जाळतो, पण माणसाला बहुतेक वेळा चालत दूर जाता येते. जिवाला जास्त धोका तीन गोष्टींचा असतो.

पहिली गोष्ट राख. ही आपल्या चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. दगडाचे आणि काचेचे बारीक कण असे तिचे रूप असते. ती छपरावर साचते. त्यावर पाऊस पडला की ती भिजून फार जड होते आणि छप्पर खाली येते.

दुसरी गोष्ट तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट. हा लोट डोंगरावरून मोटारगाडीपेक्षाही वेगाने खाली येतो. तो आला की पळायला वेळ मिळत नाही. १९०२ साली मार्टिनिक बेटावरच्या सें पिएर शहरावर असा लोट आला. काही मिनिटांत सुमारे २८,००० माणसे गेली. म्हणून या लोटावर एकच उपाय आहे, तो येण्याआधी गाव सोडणे.

तिसरी गोष्ट चिखलाचा लोंढा. डोंगरावरचे बर्फ वितळते किंवा जोराचा पाऊस पडतो. पाणी राखेत मिसळते. मग दगडधोंडे आणि झाडे घेऊन हा चिखल नदीच्या पात्रातून धावत सुटतो. तो कालवलेल्या सिमेंटसारखा दाट असतो. ज्वालामुखीपासून पन्नास-साठ किलोमीटर दूर असलेल्या गावालाही तो गाठतो. त्या गावातून कदाचित तो डोंगर दिसतही नसेल.

३. डोंगराची नाडी

वैद्य नाडी बघतो, जीभ बघतो, अंगाला हात लावतो. मग ताप आहे की नाही ते सांगतो. डोंगराची नाडी बघणारे शास्त्रज्ञही असतात. ज्या जागी बसून ते काम करतात, तिला वेधशाळा म्हणतात. ते मुख्यतः चार गोष्टी बघतात.

एक, जमिनीचे हादरे. शिलारस वर चढताना खडक फोडतो. त्यामुळे बारीक बारीक धरणीकंप होतात. पुष्कळसे इतके लहान असतात, की माणसाला ते कळत नाहीत. भूकंपमापक यंत्राला मात्र कळतात. दिवसाला चार-दोन हादरे होत होते आणि ते शेकड्यांवर गेले, की शास्त्रज्ञ सावध होतात.

दोन, जमिनीचा फुगवटा. खालून रस भरला की डोंगराची कूस थोडी फुगते. गवंडी भिंत बांधताना पाणसळ लावून कल बघतो. शास्त्रज्ञांजवळही कल बघण्याचे यंत्र असते. ते फार नाजूक असते. शिवाय आता आकाशातल्या उपग्रहांची मदत घेतात. आपल्या मोबाईल फोनवर रस्ता दाखवण्याची सोय असते. तशाच पण फार बारकाईच्या यंत्राने डोंगर बोटभर सरकला तरी समजते.

तीन, वायू. शिलारस वर आला की त्यातला गंधकाचा वायू सुटतो. तो रोज किती टन बाहेर पडतो, हे यंत्राने मोजतात. विमानातून जाऊनही मोजतात.

चार, डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा. वाफ वाढली का? झरे तापले का? झाडे वाळली का? नदीच्या पाण्याचा रंग बदलला का? या खुणा बघायला यंत्र लागत नाही. डोंगरावर राहणाऱ्या माणसांना त्या सगळ्यांच्या आधी दिसतात.

या चारही गोष्टी रोज लिहून ठेवाव्या लागतात. एका दिवसाच्या नाडीवरून निदान होत नाही. कालचे माहीत असेल तरच आजचा फरक कळतो. इतके करूनही शास्त्रज्ञांना तास-मिनिट सांगता येत नाही. वैद्य सांगतो, "ताप चढतो आहे, जपा." तसे शास्त्रज्ञ सांगतात, "धोका वाढतो आहे, सरका." त्यापुढचे काम सरकारचे आणि लोकांचे असते.

आज जगात सुमारे १३५० ज्वालामुखी असे आहेत, की जे पुन्हा जागे होऊ शकतात. त्या सगळ्यांवर यंत्रे बसलेली नाहीत.

४. आर्मेरो गावाची गोष्ट

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथे आर्मेरो नावाचे मोठे गाव होते. वस्ती सुमारे २९,०००. गाव कापसासाठी नावाजलेले होते. जमीन उत्तम होती.

गावापासून दूर, नेवादो देल रुईस नावाचा ज्वालामुखी आहे. त्याची उंची सुमारे ५,३०० मीटर. माथ्यावर बारमाही बर्फ. त्या बाजूने लागुनिया नदी आर्मेरोकडे येते. १८४५ साली याच नदीतून चिखलाचा लोंढा आला होता आणि सुमारे हजार माणसे मेली होती. तो चिखल वाळला. त्याच वाळलेल्या चिखलावर पुढे आर्मेरो गाव वसले. जुनी गोष्ट लोक विसरून गेले.

१९८४ च्या अखेरीस डोंगर कुरकुरू लागला. हादरे बसू लागले, वाफ वाढली. डोंगरावर यंत्रे नव्हती. ती थोडीफार बसली, तीही उशिरा. सप्टेंबर १९८५ मध्ये एक लहान स्फोट झाला. तेव्हा चिखलाचा एक लोंढा डोंगरावरून बराच खाली आला. ही मोठी वर्दी होती.

शास्त्रज्ञांनी ऑक्टोबरमध्ये धोक्याचा नकाशा तयार केला. लोंढा कुठून येईल, कुठवर जाईल, हे त्यात दाखवले होते. आर्मेरो धोक्याच्या जागेत आहे, हे नकाशात होते. वर्तमानपत्रातही त्याची बातमी आली. पण काही मोठ्या माणसांना वाटले, की हा उगीच घबराट पसरवण्याचा प्रकार आहे. गाव हलवायचे म्हणजे खर्च फार. लोकांची कामे बुडणार. मग उद्या स्फोट झालाच नाही तर दोष कोणाला? असा विचार करण्यात दिवस गेले.

१३ नोव्हेंबर १९८५. दुपारी तीनच्या सुमारास डोंगरावर स्फोट झाला. संध्याकाळी आर्मेरोत राख पडू लागली. लोक घाबरले. पण रेडिओवरून आणि चर्चच्या कर्ण्यावरून सांगण्यात आले, की शांत राहा, घरातच थांबा. थोड्या वेळाने राख पडायची थांबली. पाऊस पडत होता. लोक जेवले आणि झोपले.

रात्री नऊ वाजून गेल्यावर मोठा स्फोट झाला. तसा तो इतर स्फोटांच्या मानाने लहानच होता. माथ्यावरच्या बर्फाचा थोडाच भाग वितळला. पण तेवढे पाणी पुरे झाले. ते राख आणि माती घेऊन नद्यांच्या घळींतून खाली सुटले. वाटेत दगड-माती मिळत गेली आणि लोंढा वाढत गेला. साडेअकराच्या सुमारास तो आर्मेरोत शिरला.

हिशेब करून बघा. स्फोट झाला तेव्हापासून लोंढा गावात येईपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ होता. गावाजवळ उंच जमीन होती. पायी जाता येईल इतकी ती जवळ होती. म्हातारे माणूसही काठी टेकत तिथवर पोचले असते. पण "उठा, चला" असे ठामपणे सांगणारे कोणी नव्हते. कोणत्या रस्त्याने, कोणत्या टेकडीवर जायचे, हे आधी ठरलेले नव्हते.

त्या रात्री आर्मेरोत वीस हजारांहून जास्त माणसे चिखलाखाली गेली. डोंगराच्या दुसऱ्या बाजूलाही माणसे मेली. एकूण सुमारे २३,००० जीव गेले. आर्मेरो गाव पुन्हा त्या जागी वसले नाही.

डोंगराने आधी सुमारे वर्षभर खुणा दिल्या होत्या. शास्त्रज्ञांनी नकाशा काढला होता. पण नकाशा कपाटात आणि वर्तमानपत्रात राहिला. तो माणसांच्या पायांपर्यंत पोचला नाही.

५. पिनातुबोची गोष्ट

आर्मेरोच्या दुःखाने जगातले शास्त्रज्ञ हादरले. १९८६ साली अमेरिकेच्या भूशास्त्र खात्याने एक पथक उभे केले. कोणत्याही देशाने बोलावले की यंत्रे घेऊन धावून जायचे, हे या पथकाचे काम. पाच वर्षांनी या पथकाची मोठी कसोटी लागली.

फिलिपाईन्स हा बेटांचा देश आहे. तिथल्या लुझोन बेटावर पिनातुबो नावाचा डोंगर आहे. तो सुमारे ५०० वर्षे झोपला होता. सगळीकडे दाट जंगल वाढले होते. पुष्कळांना तो ज्वालामुखी आहे हेही माहीत नव्हते. त्याच्या उतारावर आएता नावाचे आदिवासी लोक राहात. जवळच अमेरिकेचा क्लार्क नावाचा मोठा लष्करी विमानतळ होता. पायथ्याच्या मुलखात लाखो माणसांची वस्ती होती.

मार्च १९९१ मध्ये आएता लोकांना हादरे जाणवू लागले. २ एप्रिलला डोंगराला भेग पडून वाफेचे स्फोट झाले. आएता लोकांत काम करणाऱ्या एका ख्रिस्ती जोगिणीने ही बातमी राजधानीच्या शहरी, ज्वालामुखी खात्याच्या कचेरीत नेऊन दिली. ध्यानात घ्या, पहिली वर्दी यंत्राने दिली नाही. ती डोंगरावर राहणाऱ्या माणसांनी दिली.

खात्याचे प्रमुख रेमुंडो पुनोंगबायान यांनी ती हसण्यावारी नेली नाही. लगेच माणसे पाठवली, यंत्रे बसवली. अगदी जवळची वस्ती हलवली. अमेरिकेचे पथकही मदतीला आले. मे महिन्याच्या मध्यास गंधकाचा वायू रोज ५०० टन निघत होता. दोन आठवड्यांत तो ५,००० टनांवर गेला. मग एकाएकी तो कमी झाला. कोणी अडाणी माणूस म्हणाला असता, "चला, डोंगर शांत झाला." पण शास्त्रज्ञांनी ओळखले, की भांड्याचे तोंड बुजले असावे. आतली वाफ कोंडते आहे. हादरे तर वाढतच होते.

लोकांना समजावे म्हणून त्यांनी धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पहिली पायरी म्हणजे थोडी हालचाल आहे. तिसरी म्हणजे दोन आठवड्यांत स्फोट होऊ शकतो. चौथी म्हणजे चोवीस तासांत होऊ शकतो. पाचवी म्हणजे स्फोट सुरू झाला. ५ जूनला तिसरी पायरी जाहीर झाली, ७ जूनला चौथी आणि ९ जूनला पाचवी. अंक सोपे होते. शेतकऱ्यालाही कळत आणि सरदारालाही कळत.

तरी लोकांना पटेना. "पाचशे वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार?" असे ते म्हणत. काही अधिकारीही तसेच म्हणत. तेव्हा त्यांना एक बोलपट दाखवण्यात आला. मॉरिस आणि कातिया क्राफ्ट या फ्रान्समधल्या नवरा-बायकोने जगभर फिरून ज्वालामुखींची चित्रे घेतली होती. तापलेला लोट कसा येतो, चिखलाचा लोंढा कसा येतो, हे त्यात दिसत होते. आर्मेरोचे हालही त्यात होते. शंभर भाषणांनी झाले नसते ते त्या चित्रांनी झाले. लोक हलायला तयार झाले. दुर्दैव असे, की हे नवरा-बायको ३ जून १९९१ रोजी जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीवर अशाच लोटात सापडून मरण पावले. त्यांची चित्रे मात्र पिनातुबोला माणसे वाचवीत होती.

१० जूनला क्लार्क विमानतळावरची सुमारे १४,५०० माणसे हलवली. १२ जूनला पहिला मोठा स्फोट झाला. धोक्याची हद्द आधी दहा किलोमीटर होती. ती वीस केली, मग तीस, मग चाळीस. निदान साठ हजार माणसे घरे सोडून निघाली.

१५ जून १९९१ रोजी दुपारी डोंगर फुटला. विसाव्या शतकातला जगातला हा दुसऱ्या क्रमांकाचा मोठा स्फोट. राखेचा खांब ३५ किलोमीटरांवर उंच गेला. दिवसा रात्र झाली. त्याच दिवशी मोठे वादळही आले. पावसाने राख भिजली आणि छपरे कोसळली. मेलेल्या सुमारे ३०० माणसांपैकी बहुतेक छपराखाली सापडून मेली. नंतर तळावर गोवर आणि जुलाबाची साथ आली. तिच्यात आएता लोकांची पुष्कळ मुले दगावली. गाव हलवले म्हणजे काम संपत नाही. तळावर शुद्ध पाणी, औषध आणि लस हवीच, हा धडा यातून मिळाला.

तरीही जमेची बाजू फार मोठी आहे. वेळेवर इशारा मिळाला नसता, तर निदान ५,००० माणसे आणखी मेली असती असा अंदाज आहे. कदाचित हा आकडा २०,००० सुद्धा झाला असता. पिनातुबोचा स्फोट रुईसच्या स्फोटाहून कितीतरी मोठा होता. माणसे मात्र पुष्कळ कमी मेली.

पुढे काही वर्षे पावसाळ्यात पिनातुबोवरून चिखलाचे लोंढे येत राहिले. त्यासाठी नद्यांवर यंत्रे बसवली आणि काठाने पहारे ठेवले. लोंढा दिसला की पहारेकरी खालच्या गावाला कळवीत.

६. लोक का निघत नाहीत?

आर्मेरोचे लोक मूर्ख नव्हते. घर सोडणे सोपे नसते. दावणीला गाय आहे, शेतात पीक उभे आहे, कोठीत धान्य आहे. आपण गेलो आणि मागे चोरी झाली तर? गुरांना पाणी कोण पाजणार? तळावर किती दिवस राहायचे? खायचे काय?

शिवाय इशारा कधी कधी फुकट जातो. १९७६ साली ग्वादलूप बेटावर सूफ्रिएर नावाचा ज्वालामुखी कुरकुरू लागला. सुमारे ७०,००० माणसे हलवली. ती काही महिने बाहेर राहिली. मोठा स्फोट झालाच नाही. लोकांचे नुकसान झाले. पुष्कळ वाद झाला. असे झाले की पुढच्या वेळी लोक "लांडगा आला रे आला" म्हणून हसतात.

पण थोडा विचार करू. आपण दारे-खिडक्या लावून झोपतो. चोर रोज येतो का? नाही. म्हणून कोणी दार उघडे टाकत नाही. फुकट गेलेल्या इशाऱ्याची किंमत पैशात भरून काढता येते. न ऐकलेल्या इशाऱ्याची किंमत भरून काढता येत नाही.

२०२३ साली त्याच नेवादो देल रुईसने पुन्हा हालचाल केली. मार्चअखेर नारिंगी इशारा दिला गेला. आता तिथे वेधशाळा आहे, यंत्रे आहेत. डोंगराजवळच्या सुमारे २,५०० कुटुंबांना सरकारने हलायला सांगितले. पण पुष्कळ शेतकरी निघाले नाहीत. "गाई टाकून कसे जाऊ?" हाच त्यांचा प्रश्न. जूनअखेर डोंगर जरा शांत झाला आणि इशारा खाली उतरवला. त्या वेळी मोठा स्फोट झाला नाही.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. माणसाला हलवायचे तर त्याच्या गुरांची सोय आधी केली पाहिजे. चाऱ्याची, पाण्याची, पहाऱ्याची व्यवस्था झाली की माणूस निघतो. नुसता हुकूम सोडून भागत नाही. आणि लोकांनीही आपली अडचण वेळेवर, मोकळेपणाने सांगितली पाहिजे. ऐन वेळी घरात दडून बसण्यात शहाणपण नाही.

७. आपल्या गावात काय करावे?

आपल्याकडे ज्वालामुखी नाही. पण पूर आहे, वादळ आहे, पावसाळ्यात दरड कोसळते. इशाऱ्याची रीत सगळीकडे सारखीच असते.

हवामान खाते रंगांनी इशारा देते. हिरवा म्हणजे काळजी नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. हे चार रंग घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत. धरणातून पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो. तो ऐकला की नदीत उतरू नये, गुरे काठावरून वर आणावीत.

डोंगरउतारावर गाव असेल तर खुणांवर लक्ष ठेवावे. जमिनीला नवी भेग पडली, झाड किंवा खांब कलला, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर ते ग्रामपंचायतीला आणि तहसील कचेरीला लगेच कळवावे. आएता लोकांनी कळवले, म्हणून पिनातुबोला पुढचे सगळे झाले. "आपण काय सांगणार, आपल्याला कोण विचारतो?" असे म्हणू नये.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. चावडीवर लावलेला कागद, फोनवर आलेला निरोप, नकाशावरचा रंग, हे आता तुम्हाला वाचता येते. ते वाचा. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवा. शेजारची म्हातारी, मळ्यातला सालदार, पालावर उतरलेला मजूर, यांच्यापर्यंत इशारा सगळ्यांत उशिरा पोचतो. त्यांना सांगणे हे वाचणाऱ्या माणसाचे काम आहे.

लक्षात ठेवा

इशारा तीन ठिकाणी पोचला पाहिजे. कानांपर्यंत, मनापर्यंत आणि पायांपर्यंत.

कुठे जायचे आणि कोणत्या वाटेने जायचे, हे आधी ठरवावे. संकट आल्यावर ठरवायला वेळ नसतो.

नदीत लोंढा येणार असेल तर नदीच्या कडेने पळू नये. आडवे होऊन उंचावर जावे.

घर सोडायला सांगितले की आधी माणसे, मग गुरे, मग सामान.

धोका टळला असे अधिकारी माणसाने सांगितल्याशिवाय परत फिरू नये.

शब्दांचे अर्थ

शिलारस – जमिनीखालचा वितळलेला खडक.
लाव्हा – जमिनीवर आलेला शिलारस.
वेधशाळा – यंत्रे लावून निसर्गावर नजर ठेवण्याची जागा.
वर्दी – आगाऊ दिलेली खबर.
पाणसळ – जमीन किंवा भिंत सपाट आहे की नाही, हे बघण्याचे गवंड्याचे साधन.
तळ – घर सोडून आलेल्या माणसांची तात्पुरती राहण्याची जागा.

सांगा पाहू

१. आपला काळा दगड कसा तयार झाला?
२. शास्त्रज्ञ डोंगराच्या कोणत्या चार गोष्टी बघतात?
३. आर्मेरो गावात स्फोटानंतर लोंढा यायला किती वेळ लागला? तेवढ्या वेळात काय करता आले असते?
४. पिनातुबोची पहिली वर्दी कोणी दिली?
५. गंधकाचा वायू कमी झाला तरी शास्त्रज्ञ का घाबरले?
६. तुमच्या गावाला कशाचा धोका आहे? अशा वेळी गावाने कुठे जावे? घरी सर्वांनी मिळून बोला आणि पाच ओळी लिहून आणा.